कालव्याकाठचे पिंगळे

शुक्रवार : माउंटन व्ह्यू, अल्विसो

माउंटन व्ह्यूचं शोरलाइन पार्क म्हणजे मुळात कचरा डेपो. सॅन फ्रान्सिस्कोचा कचरा वर्षानुवर्षं इथे आणून पुरला, वर मातीचा थर टाकला आणि 1983 मध्ये बाग म्हणून लोकांना खुली करून दिली. आता तिथे तळं आहे, गोल्फचं मैदान आहे, पतंग उडवायला मोकळी टेकडी आहे आणि पलीकडे गूगलच्या इमारती. "फुरसुंगीच्या डेपोवर कुणी गोल्फ खेळेल का गं?" मामांनी विचारलं. पायाखाली कचरा आहे हे त्यांना बराच वेळ पटत नव्हतं.

मामा उजनीच्या कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. माझ्याकडे सनीव्हेलला राहायला आले, मॉल बघून झाले, गोल्डन गेट बघून झाला, आणि मग एक दिवस म्हणाले, "इथले कालवे कुठायत ते दाखव." मला कधीपासून कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला इम्पीरियल व्हॅलीत जायचं होतं, ते पिंगळ्यांसाठी. कालवे आणि पिंगळे एकाच ठिकाणी असल्यामुळे बेत ठरायला वेळ लागला नाही. सुरुवात मात्र घराशेजारून करू म्हटलं.

इथला पिंगळा म्हणजे बरोइंग आउल. हे घुबड जमिनीतल्या बिळात राहतं. दिवसाढवळ्या बाहेर उभं असतं, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. एकेकाळी इथल्या खाडीकाठच्या गवताळ जमिनीवर ते सर्रास दिसायचं. मग फळबागा आल्या, फळबागा जाऊन चिपचे कारखाने आले, कारखाने जाऊन ऑफिसं आली. पिंगळ्यांना उरल्या त्या कुणालाच नको असलेल्या जागा: बुजवलेला कचरा डेपो, विमानतळाची धावपट्टी, सांडपाणी केंद्राभोवतीचं गवत. शोरलाइनमध्ये शहराने त्यांच्यासाठी राखीव तुकडे ठेवलेत, कुत्र्यांना बागेत बंदी आहे, जागोजागी पाट्या आहेत. तरी इथे घरटं करणाऱ्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या. जवळच्या एका कंपनीचे कर्मचारी भटक्या मांजरांना खाऊ घालतात आणि ती मांजरं बागेत शिरतात, यावरून 2018 मध्ये वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली होती. मांजरवाले वाईट लोक नव्हते हो. पण जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्याला मांजर म्हणजे मरणच.

तासभर फिरून आम्हाला ससे दिसले, खारी दिसल्या, पिंगळा नाही.

मग अल्विसोला गेलो. सॅन होजे आणि सांता क्लारा या शहरांचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र तिथे आहे आणि वस्तीपासून अंतर राहावं म्हणून भोवती बरीच जमीन मोकळी सोडलेली आहे. कडेने जाणाऱ्या रस्त्याचं नाव डिस्क ड्राइव्ह. कुंपणाबाहेर गाडी उभी केली. आत गवत अगदी आखूड कापलेलं, मधेमधे मातीचे ढिगारे मुद्दाम रचलेले. गवत आखूड हवं, कारण पिंगळा उभा असतो जमिनीवर, आणि उंच गवतात त्याला ना कोल्हा दिसतो ना ससाणा. ढिगारे मात्र पिंगळ्यांसाठी नसून खारींसाठी आहेत. हा पक्षी पश्चिम अमेरिकेत स्वतः बीळ सहसा खणत नाही. इथली जमिनीवर राहणारी खार बिळं करते, आणि तिने सोडलेल्या बिळात हा बिऱ्हाड थाटतो. खार नाही तर बीळ नाही, बीळ नाही तर पिंगळा नाही. एवढं एक वाक्य धरून पुढचा सगळा प्रवास करायचा होता, हे तेव्हा कळलं नव्हतं.

दुर्बिणीत पहिला सापडला तो मामांनाच. तिसऱ्या ढिगाऱ्यावर, मातीच्याच रंगाचा, पाठीवर पांढरे ठिपके, पिवळे डोळे, एका पायात रंगीत कडं.

"अगं, हा तर आपला पिंगळा! पाय तेवढे लांब काढलेत."

मामा बरोबर होते. आपल्या देवळाच्या कोनाड्यातला पिंगळा आणि हा, दोघांचा वंश एकच, अथीनी. शहाद्याजवळच्या जंगलात 1997 मध्ये पुन्हा सापडलेला रानपिंगळाही त्याच वंशातला. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती.

पायातलं कडं अभ्यासकांचं. या भागात आता नुसतं जमीन राखून भागत नाही. पहिल्या हिवाळ्यात बरीच पिल्लं मरतात, म्हणून काही पिल्लं पकडून हिवाळाभर मोठ्या पिंजऱ्यात सांभाळतात आणि वसंतात सोडतात. जगातल्या सगळ्यात महागड्या जमिनींपैकी एका जमिनीवर दीडशे ग्रॅमचा पक्षी टिकवायला एवढा खटाटोप लागतो.

शनिवार : आल्टामाँट खिंड आणि लांबच लांब रस्ता

पहाटे निघून आल्टामाँटला पोचलो. डोंगर नुकते हिरव्याचे पिवळे व्हायला लागले होते आणि प्रत्येक धारेवर पवनचक्क्या. मामांनी चाळकेवाडीचं पठार पाहिलेलं आहे, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. मी मात्र त्यांना जुन्या चक्क्यांची गोष्ट सांगितली. 1980 च्या दशकात इथे हजारो छोट्या चक्क्या उभ्या राहिल्या, पाती जमिनीपासून फार उंच नाहीत. त्यांच्या पायथ्याच्या भुसभुशीत मातीत खारींनी बिळं केली, बिळांत पिंगळे आले, आणि घराच्या दारातच पाती फिरत होती. दर वर्षी शंभराहून जास्त पिंगळे इथे मरत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज निघाला. म्हणजे इथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जेवढी संख्या असेल, साधारण तेवढेच. पुढे पुष्कळ जुन्या चक्क्या काढून त्यांच्या जागी मोजक्या, मोठ्या आणि उंच चक्क्या बसवल्या. आम्ही थांबलो तिथे पिंगळा काही दिसला नाही. वारा एवढा होता की मामांची टोपी दोनदा तारेत अडकली.

त्यानंतरचा दिवस म्हणजे नुसता पाच नंबरचा हायवे. बदामाच्या बागा, कालवा, पुन्हा बदामाच्या बागा. कॅलिफोर्निया अ‍ॅक्विडक्ट हा राज्याचा मोठा कालवा दिसला तेव्हा मामा अर्धा तास त्याच्या उतारावर बोलले. ते इथे लिहीत नाही.

वेळ जावा म्हणून मी त्यांना 1918 मधला 'स्क्विरल वीक' सांगितला. पहिलं महायुद्ध चालू होतं, धान्य वाचवा अशी मोहीम होती, आणि कॅलिफोर्निया सरकारने शाळेतल्या मुलांना सांगितलं की खारी मारा आणि शेपट्या आणून द्या. एका आठवड्यात एक लाखाहून जास्त शेपट्या जमा झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो कायदा पिंगळ्यालाही लागू आहे. त्याला मारता येत नाही, त्याची अंडी फोडता येत नाहीत. खारीला मात्र आजही कुणी वाली नाही. शेतकरी विष घालतात, बांध सांभाळणारे विष घालतात, आणि त्यात बेकायदा काही नाही.

"म्हणजे भाडेकरूला कायद्याचं संरक्षण, आणि घर बांधणाऱ्याला उंदराचं औषध," मामा म्हणाले.

संध्याकाळी लॉस एंजलिसच्या पूर्वेला ऑन्टारिओत मुक्काम. इथे मैलोन्‌मैल गोदामं आहेत, ऑनलाइन मागवलेलं सामान ठेवायची. आधी या पट्ट्यात गायींचे गोठे आणि शेतं होती आणि पिंगळेही होते. हॉटेलच्या खिडकीतून दिसत होते ते फक्त ट्रक.

रविवार : समुद्रसपाटीच्या खाली

इंडिओ सोडलं की रस्ता खाली उतरत जातो आणि पाट्या सांगतात, आता तुम्ही समुद्रसपाटीच्या खाली आहात. उजव्या हाताला सॉल्टन सी. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी शेतीच्या कालव्याचा काठ फोडून या खोलगट भागात शिरलं, ते 1907 पर्यंत कुणाला आवरेना. त्यातून हे खारं सरोवर तयार झालं. आजही त्याला पाणी पुरवते ती मुख्यतः शेतातून निचरून आलेली धार. मामांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. कालवा फुटणं ही त्यांच्यासाठी सरकारी नोकरीतली सगळ्यात मोठी आपत्ती, आणि इथे त्याचं सरोवर होऊन बसलेलं.

ब्रॉलीच्या पुढे बीटच्या साखर कारखान्याच्या उंच टाकीवर समुद्रसपाटीची रेघ ओढलेली आहे, आपल्या डोक्याच्या बरीच वर. सोलापूर जिल्ह्यातला माणूस साखर कारखाना दिसला की थांबतोच. थांबलो.

आणि मग कालवे. सुमारे 80 मैलांचा ऑल-अमेरिकन कालवा कोलोरॅडो नदीचं पाणी मेक्सिकोच्या सीमेलगत पश्चिमेला आणतो, पुढे ते वितरिका, चाऱ्या करत शेतात जातं, आणि हा सगळा पाणीपुरवठा उतारावर चालतो. शेतातून निघणाऱ्या पाण्यासाठी वेगळे निचरा चर. कालवे आणि चर मिळून तीन हजार मैलांच्या वर लांबी. वर्षाकाठी पाऊस तीन इंचांहून कमी आणि खोऱ्याचा पाण्याचा हक्क 31 लाख एकर-फूट (एका एकरावर फूटभर उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट). मामांनी फोनवर गुणाकार केला.

"एकशे पस्तीस टीएमसी! उजनी काठोकाठ भरली तरी एकशे सतरा. आणि हे फक्त एका खोऱ्याला, दर वर्षी?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शेतांकडे बघून त्यांचा दुसरा धक्का सुरू झाला. लसूणघास समजू शकतो, गुरांना लागतो. पण शेजारच्या चौकोनी, सपाट, लेझरने पातळी काढलेल्या शेतात पाणी देऊन वाढवलेली होती ती चक्क हराळी. इथे तिचं बी काढतात आणि गठ्ठे बांधून चारा म्हणून विकतात. "जी उपटण्यात आमच्या बापाच्या पिढीची कंबर गेली," मामा म्हणाले, "तिला हे लोक पाळी देतात!"

पहिला पिंगळा दिसला तो एका चारीच्या गेटवर. दुसरा पुढच्या बांधावर. त्यापुढचा गवताच्या गठ्ठ्यावर, एक पाय पोटात घेऊन. अल्विसोत एकासाठी दुर्बीण झिजवली होती आणि इथे गाडी दहाच्या वेगाने चालवली तर दर थोड्या अंतरावर एक. उन्हाने जमीन तापली होती, त्यामुळे बहुतेक जण बिळाच्या तोंडाशी सावलीत उभे होते. गाडी जवळ आली की मान खाली-वर करायची, अंतराचा अंदाज घ्यायचा, फारच जवळ आली तर चार पावलं आत.

"दर बांधाला एक पाटकरी नेमलाय," मामा म्हणाले. "आम्हाला एवढा स्टाफ कधी मिळाला नाही."

इथे खारी कमी, पण मऊ मातीचा बांध आहे, पाण्याने पडलेल्या घळी आहेत, इतर प्राण्यांनी कोरलेली भोकं आहेत. ती मोठी करून पिंगळे राहतात. बारा महिने पाण्याखालची शेती असल्यामुळे नाकतोडे, रातकिडे, उंदीर यांना तोटा नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर मोजणी झाली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सुमारे 70 टक्के जोड्या एकट्या या खोऱ्यात निघाल्या. गंमत अशी की कालवे येण्याआधी हे निव्वळ वाळवंट होतं, इतके पिंगळे इथे असण्याचं कारणच नव्हतं. त्यांची मूळची गवताळ रानं आपण बुजवली आणि नकळत इथे त्यांच्यासाठी दुसरी सोय झाली. पण ती सोय पाण्याच्या हिशोबावर टांगलेली आहे, आणि तो हिशोब बदलतोय.

2003 च्या करारानुसार या खोऱ्याने पाणी वाचवायचं आणि वाचवलेलं पाणी सॅन दिएगोसारख्या शहरांना द्यायचं. त्यासाठी काही शेतं पडीक ठेवली गेली. ऑल-अमेरिकन कालव्याच्या 23 मैलांच्या मातीच्या पट्ट्याऐवजी शेजारून काँक्रीटचा कालवा बांधला, तो 2010 मध्ये पुरा झाला. त्यातून वर्षाला 67,700 एकर-फूट गळती वाचते. मामांच्या भाषेत जवळपास तीन टीएमसी.

"अस्तरीकरण झालं की टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं," ते म्हणाले, "पण काठच्या विहिरी आटतात. आमच्याकडे त्यावरून मोर्चे निघाले." इथेही तेच झालं. सीमेपलीकडे मेक्सिकालीच्या शेतकऱ्यांच्या विहिरी त्या गळतीवरच भरत होत्या आणि वाद कोर्टात गेला.

पिंगळ्यांचं मात्र सगळं खापर काँक्रीटवर फोडता येणार नाही. काँक्रीटच्या चारीलाही मातीचा बांध असतोच, आणि काँक्रीटच्या कडेखाली माती निसटून झालेल्या पोकळीत राहणारे पिंगळे आम्ही त्याच दुपारी पाहिले. खरी काळजी शेत कोरडं पडण्याची. पाणी नाही तर पीक नाही, पीक नाही तर किडे नाहीत, आणि मग बीळ शाबूत असून उपयोग काय?

एका वितरिकेवर इथला पाटकरी भेटला. सांहेरो म्हणतात त्याला. छोट्या ट्रकमध्ये गेटचा पान्हा, नोंदवही आणि पाण्याचा मोठा थर्मास. मी दुभाषी, मामा प्रश्नकर्ते. पाळी कशी ठरते, चोरून गेट उघडतात का, रात्रपाळी असते का, असं पाऊण तास चाललं. पिंगळ्यांचं विचारल्यावर त्याने हसून बांधाकडे हात केला. बांधाची माती ओढायची किंवा चर साफ करायचा तर आधी बिळं बघावी लागतात, म्हणाला, आणि एका बिळाशेजारची खुणेची खुंटी दाखवली. निरोप घेताना दोघांनी एकमेकांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

सोमवार : गेटजवळचा फुत्कार

सूर्य उगवायच्या आधी बाहेर पडलो. गाडीतच बसून राहायचं, काच खाली, इंजिन बंद. पिंगळ्यांना माणूस नको असतो, गाडीचं फारसं वाटत नाही.

चर होता आठ-दहा फूट खोल, समोरच्या बांधाला उंदराच्या बिळाहून बरंच मोठं, आडवं, लंबगोल तोंड. तोंडासमोर मातीचा छोटा ओटा. त्यावर वाळक्या शेणाचे तुकडे, कागदाचा कपटा, नाकतोड्याचे पाय, आणि पिंगळ्याने ओकलेल्या बोटाएवढ्या गुठळ्या, त्यांत किड्यांची चमकदार कवचं. नर बाहेर उभा, उन्हाने फिकट झालेला. मादी बिळाच्या तोंडात, अर्धी आत, रंगाने गडद, कारण कितीतरी आठवडे अंधारात अंड्यांवर बसलेली. थोड्या वेळाने तिच्या मागून एक डोकं वर आलं. मग दुसरं. मग एकदम चार. पिल्लांच्या छातीवर अजून ठिपके नव्हते, साधा पिवळट रंग. नर उडाला, लसणघासाच्या शेतावर जागच्या जागी पंख मारत थांबला, खाली पडल्यागत उतरला आणि रातकिडा घेऊन आला. चार पिल्लांत एक रातकिडा म्हणजे काय होणार ते सांगायला नको.

शेण आपोआप आलेलं नसतं. पिंगळे ते चोचीने आणून दारात पसरतात. फ्लोरिडात यावर प्रयोग झाला, तो 2004 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. दारात शेण असलेल्या पिंगळ्यांनी शेण नसलेल्यांच्या दसपट शेणकिडे खाल्ले होते. मामांनी यावर फक्त मान डोलावली. दारात शेण असणं त्यांना मुळात विचित्र वाटलंच नव्हतं.

ऊन चढल्यावर मामा पुढच्या चारीचं गेट बघायला उतरले. लोखंडी स्क्रू, वर चाक, अगदी आपल्याकडच्यासारखं आहे म्हणत ते वाकले, आणि त्यांच्या पायाजवळून जोराचा फुत्कार आला. मामा जागच्या जागी थिजले. "घोणस!" एवढंच म्हणाले, हलक्या आवाजात, डोळे जमिनीवर. चाळीस वर्षं कालव्यावर काढलेल्या माणसाचं अंग स्वतःच निर्णय घेतं. मी गाडीतून ओरडले, "मामा, साप नाही, पिल्लं आहेत! मागे या." गेटच्या खांबाआड बीळ होतं. धोका वाटला की पिंगळ्याची पिल्लं बिळातून रॅटलस्नेकच्या शेपटीचा हुबेहूब आवाज काढतात. शिकारी प्राणी बाहेरच्या बाहेर परत जातो. मामाही परतले. गाडीत बसून पाणी प्यायल्यावर म्हणाले, "पोरं हुशार आहेत. पण त्यांना सांग, हा आवाज आमच्याकडे काढू नका, काठी पडेल."

दुपारी सॉल्टन सीच्या दक्षिण टोकाचं सनी बोनो अभयारण्य. हिवाळ्यात इथे हजारो हिमहंस असतात, आत्ता जवळजवळ कुणी नाही. सरोवर मागे हटत चाललंय, उघड्या पडलेल्या तळावरून उडणारी धूळ ओठांवर खारट लागते. आसपास भूऔष्णिक वीजकेंद्रांची वाफ. त्याच गरम खाऱ्या पाण्यातून लिथियम काढायच्या योजना आहेत.

कार्यालयाजवळ पिंगळ्यांसाठी बनवलेली कृत्रिम बिळं आहेत. एका स्वयंसेवक बाईंनी अजून न पुरलेला नमुना दाखवला. यात गूढ काही नाही. ठिबकच्या व्हॉल्व्हवर झाकायला प्लास्टिकची पेटी मिळते ना, तशी एक पेटी उलटी ठेवायची, ही झाली खोली. तिला जोडून निचऱ्याचा नालीदार पाइप, सात-आठ फूट, मधे एक वळण. वळण हवंच, कारण सरळ पाइपातून उजेड आत गेला तर पक्षी राहत नाही. खोलीला तळ नसतो, खाली माती मोकळी. वरून मातीचा भराव. पाइपच्या तोंडाशी दगड, म्हणजे कोल्हा उकरणार नाही. मामांनी पाइप हातात घेऊन व्यास मोजला आणि उताराबद्दल शंका काढली: तोंड खोलीपेक्षा खाली नसेल तर पाऊस आत जाणार. बाई म्हणाल्या, इथे पाऊस कुठाय! मामा म्हणाले, "जेव्हा येईल तेव्हा एकदम येईल. वाळवंटात तसंच असतं." बाईंनी ते लिहून घेतलं.

कृत्रिम बिळाला माझा विरोध नाही. पण ते दर वर्षी साफ करावं लागतं, पाइप बुजतो, पेटीत गवत भरतं, माणूस लागतो, पैसे लागतात. खार हे काम फुकट करते आणि रोज करते.

परतताना सोलर पॅनलच्या शेतांमधून आलो. आधी ही लसूणघासाची शेतं होती. बांधकामाच्या जागेवर पिंगळा निघाला तर त्याचं काय करायचं, याची एक ठरलेली रीत कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं चालत आली. विणीचा हंगाम टाळायचा, बिळाच्या तोंडाला एकतर्फी झडप लावायची. पक्षी बाहेर पडू शकतो, आत येऊ शकत नाही. दोन दिवस थांबून बीळ रिकामं झाल्याची खात्री करायची, मग उकरून बुजवून टाकायचं. पक्ष्याला हात लागला नाही, अंडं फुटलं नाही, कायदा मोडला नाही. पक्षी पुढे कुठे गेला, जगला की मेला, हे कागदावर यायची गरज नव्हती. ही रीत माझ्या मनाला विष घालण्यापेक्षा जास्त लागते, कारण तिच्यात सगळं नियमाप्रमाणे असतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याच्या फिश अँड गेम कमिशनने या पिंगळ्याला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली 'उमेदवार' ठरवलं, म्हणजे त्या यादीत घेण्यासाठी विचारात घेतलं. उमेदवार असतानाही कायद्याचं संरक्षण लागू होतं, त्यामुळे झडपेचा मार्ग पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. अशीच मागणी 2003 मध्येही झाली होती, तेव्हा ती फेटाळली गेली. मधली वीस वर्षं कुठे गेली हे बघायचं तर ऑन्टारिओची गोदामं बघावीत.

मंगळवार : रमोना

आठ नंबरच्या हायवेने डोंगर चढून सॅन दिएगो जिल्ह्यात शिरलो, तापमान झर्रकन उतरलं. रमोनाच्या गवताळ रानात जिल्ह्याने राखलेली जमीन आहे, फिरायला पायवाट आहे, चरायला गायी आहेत. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयाची संस्था या जिल्ह्यात 2011 पासून पिंगळ्यांवर काम करते आणि त्यांचं काम मला या सगळ्या प्रवासात जास्त शहाणपणाचं वाटलं. एक तर त्यांनी आधी खारी आणून सोडल्या. गवत कापायचं, खारी सोडायच्या, त्यांना बिळं करू द्यायची, मग पिंगळ्यांचं बघायचं.

दुसरं, जागा बदललेला पिंगळा नव्या जागी थांबत नाही, उडून जातो, ही जुनी अडचण. या लोकांनी नव्या बिळांभोवती पांढरा रंग शिंपडला, पिंगळ्याच्या विष्ठेचे डाग वाटावेत म्हणून, आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवले. म्हणजे नव्याने आलेल्याला वाटावं, इथे आपली वस्ती आहे. असं केलेल्या जागी पिंगळे कितीतरी जास्त प्रमाणात टिकले.

"मी सनीव्हेलला आलो तेव्हा तू मला पहिल्याच रविवारी महाराष्ट्र मंडळात नेलंस," मामा म्हणाले. "ते यासाठीच होय?"

पायवाटेवर एक बाई घोड्यावरून आल्या. आम्ही दुर्बीण लावलेली बघून थांबल्या, घुबड दिसलं का विचारलं. घुबड त्यांना फार आवडतं, नातवंडांना दाखवायला आणतात. पण या खारींचं काहीतरी करायला हवं, म्हणाल्या. बिळात घोड्याचा पाय गेला तर मोडतो, मोडला तर घोडा जातो. शेजाऱ्याच्या घोड्याचं तसंच झालं. मी बीळ, खार, पिंगळा हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ते खरं असेल, पण घोडा माझा आहे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी काय चाललंय ते विचारलं, मी सांगितलं.

"तिला विचार, पायवाटेपासून लांब खारी चालतील का? पन्नास फूट, शंभर फूट, कितीही सांगू दे. बांधावर बीळ चालत नाही म्हणून आम्ही पण बुजवायचो. पण बांधापलीकडे गायरानात कोण बुजवायला जातंय?"

मी विचारलं. बाईंनी घोडा वळवता वळवता थोडा विचार केला आणि म्हणाल्या, त्या ओढ्यापलीकडे चालतील. आम्ही ओढ्यापलीकडे दुर्बीण लावली. तिथे खारी होत्याच, पाच-सहा, मागच्या पायांवर उभ्या. पिंगळा दिसला नाही. परतीचा रस्ता आठ तासांचा आणि लॉस एंजलिसची संध्याकाळची गर्दी टाळायची होती, म्हणून अकराच्या आत निघालो.